सपकाळे आबा आणि धरलेला हात

"ताई, माझं मनगट धर."

कामाचा तिसरा दिवस होता. मी बत्तीस वर्षांची, दोन लेकरांची आई, आणि रागाच्या बाबतीत माहेरापासून नाव कमावलेली. समोर अठ्ठावन्न वर्षांचा माणूस शर्टाची बाही वर सरकवून, हात पुढे करून उभा. मनात म्हटलं, शैलाबाई, गेली तुमची नोकरी, कारण आता तुम्ही याच्या कानाखाली वाजवणार. पण त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर 'जीभ दाखवा' म्हणतो ना, तसा कोरा चेहरा.

"घट्ट धर. मी पळून चाललोय आणि तुला मला जाऊ द्यायचं नाही."

मी रागातच धरलं. चांगलं आवळलं.

"ही ग्रिप," आबा म्हणाले. "आता समज, पांझरेला पूर आलाय, मी वाहून चाललोय, आणि तू माझी लेक आहेस. आता धर."

मला आजही सांगता येत नाही कसं ते, पण माझा दुसरा हात आपोआप आला आणि मी त्यांची बाही, मनगट, जे सापडलं ते धरलं.

"हा क्लच," म्हणाले, आणि खुर्चीवर जाऊन लिहायला लागले. मी तशीच उभी.

सपकाळे आबांचं काम भाषांतराचं. धुळ्यात कोर्टासमोरच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. एक टेबल, दोन टाइपरायटर, भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर आणि सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर घातलेली डिक्शनरी. खालच्या कोर्टात साक्षी मराठीत व्हायच्या. अपील वर गेलं की ते सगळे कागद इंग्रजीत लागायचे. वकील ते कागद आबांकडे आणायचे, आबा सांगायचे, मी टाइप करायचे. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. चार वर्षं मी त्या खोलीत काढली आणि रोज एकदा तरी भांडले.

भांडणाला कारण त्यांची पद्धत. साक्षीत क्रियापद आलं की आबा ते आधी करून बघायचे. 'ढकलले' आलं की उठून दाराला ढकलायचे. 'झटापट झाली' आलं की छत्रीशी झटापट. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. इंग्रजीत एका मराठी शब्दाला चार शब्द असतात आणि चारही वेगळे असतात, हे त्यांचं म्हणणं. त्यातही 'धरणे' या शब्दावर त्यांचा फार जीव. म्हणायचे, "मारामारीच्या दहा केशी घे ताई, नऊमध्ये कोणीतरी कोणाला तरी धरलेलं असतं. आपल्याकडे एकच शब्द. लेकराला धरलं तरी धरलं आणि चोराला धरलं तरी धरलं. इंग्रज मोठा चिकट माणूस, त्यानं दोन्हीला वेगळं नाव ठेवलं."

ग्रिप आणि क्लच यांतला फरक त्यांनी मला निदान शंभर वेळा सांगितला असेल. ग्रिप करणाऱ्याच्या हातात ताकद असते, काय करायचं ते तोच ठरवतो. क्लच करणाऱ्याच्या हातात भीती असते. आपलं काहीतरी सुटून चाललंय हे त्याला कळलेलं असतं. डिक्शनरीत असं लिहिलेलं नव्हतं, मी बघितलं होतं. पण दोंडाईचा गाडीत एकदा आम्ही उभे होतो तेव्हा आबांनी हळूच दाखवलं. कंडक्टरनं वरचा दांडा धरला होता तो एक प्रकार आणि माहेराहून परत चाललेली एक नवी सून मांडीवरचं बोचकं धरून बसली होती तो दुसरा. त्यानंतर मला कुठेही माणसांचे हातच दिसायला लागले. भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा मी तिची बोटं बघायचे. घरचे म्हणाले, हिला त्या म्हाताऱ्याचं वारं लागलं.

दुसरी पद्धत उलट वाचनाची. इंग्रजी पूर्ण झालं की ज्याचं प्रकरण त्या माणसाला समोर बसवायचं आणि इंग्रजीवरून पुन्हा त्याच्या बोलीत सांगायचं. समोरचा अहिराणी बोलणारा असेल तर अहिराणीत, चोपड्याकडचा असेल तर तिकडच्या बोलीत. वकिलांना याचा वैताग यायचा. पक्षकाराला काय कळतंय इंग्रजीतलं? आबा म्हणत, "इंग्रजीतलं नसेल कळत. त्याचं त्याला कळतं ना."

वकील त्यांना डिक्शनरीआबा म्हणत. चेष्टा होती, पण मायेची होती. सगळ्यांचीच मात्र नाही. एकदा एक बडे वकील आले होते. त्यांच्या पक्षकारानं शेजारणीचा हात पकडला होता, आणि बाईच्या जबानीत स्पष्ट होतं, हात पकडून ओढलं. वकिलांना इंग्रजीत तिथे 'टच' हवा होता. आबा दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा वकिलांचा आवाज चढला, तुम्हाला काम देतो आणि वर तुम्ही आम्हालाच शिकवता वगैरे. आबा उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि वकिलांचं मनगट धरलं. खोलीत पाच माणसं. वकील हात सोडवायला बघतायत, सुटत नाही. "याला टच म्हणायचं का, साहेब?" आबांनी शांतपणे विचारलं. वकील लालबुंद झाले. मी टाइपरायटरमागे तोंड लपवून हसत होते. तो माणूस पुन्हा आला नाही, आणि बाहेर मात्र 'सपकाळ्याला फार चढलंय' म्हणत फिरला. आबांच्या आडनावावरून ज्यांना जे आठवायचं ते आठवायचंच, त्यात ही भर. त्या दिवसापासून चार लोक त्यांना पाण्यात बघायला लागले.

मी हे सगळं सांगतेय ते एवढ्यासाठी की असा माणूस चुकला कसा, हे तुम्हाला कळावं.

त्या उन्हाळ्यात आबा सायकलवरून पडले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दीड महिना गळ्यात झोळी. काम थांबवलं नाही. खुर्चीत बसून सांगायचे, मी बडवायचे. तेव्हा एक खुनाचं प्रकरण आलं. शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातले दोन भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं आणि धाकटा विहिरीत पडून मेला. मोठ्याला जन्मठेप झाली. विहिरीजवळ दोघांना एकत्र बघणारी एकच साक्षीदार होती, शेळ्या चारणारी म्हातारी, गाव तिला सोनीमाय म्हणे. तिच्या साक्षीत एक वाक्य होतं, 'आरोपीने मयताचा हात धरलेला मी पाहिला.'

मी थांबले. "आबा, ग्रिप की क्लच?"

त्यांनी प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं. बोटं थोडी हलवली. पुढे वीस पानं होती, वकिलाचा माणूस दारात उभा होता, उकाडा मरणाचा.

"ग्रिप टाक," म्हणाले. "खुनाची केस आहे."

मी 'ग्रिप्ड' टाइप केलं. एरवी मी शंभर गोष्टींवर वाद घालायचे. त्या दिवशी घातला नाही. कागद गेले, उलट वाचनही राहून गेलं, आणि एक संच वर पाठवलासुद्धा.

महिनाभरानं प्लास्टर निघालं होतं, तेव्हा इंदूबाई आली. आरोपीची बायको. पस्तिशीची असेल, उन्हानं रापलेली, पायातली चप्पल दाराबाहेर काढून आत आली. वकिलांनी कागदाची प्रत घ्यायला पाठवलं होतं. आबांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि राहिलेलं वाचन सुरू केलं. त्या वाक्यापाशी आले आणि अहिराणीत म्हणाले, "त्यानी भाऊना हात आवळीसन धरेल व्हता."

इंदूबाई म्हणाली, "आवळीसन? असं कोन सांगं?"

"सोनीमायनी."

"सोनीमाय असं सांगावच नही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. 

आबांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. ती गेल्यावर त्यांनी मूळ मराठी कागद काढला, इंग्रजी शेजारी ठेवलं. मग खिडकीचा गज धरला. सोडला, पुन्हा धरला. मी म्हटलं, "आबा, जाऊ द्या, एक शब्द आहे." ते म्हणाले, "ताई, मी तिचा शब्द बघितलाच नाही. कलम बघितलं आणि शब्द टाकला. न्यायाधीशानं करायचं काम मी खुर्चीत बसून केलं."

दोन दिवस त्यांनी काम केलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल." भाषांतर करणाऱ्यानं साक्षीदाराकडे जायचं नसतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी म्हटलं, आबा, हे अंगाशी येईल. ते म्हणाले, येऊ दे. म्हातारीशी बोलायला बाईमाणूस सोबत असावं म्हणून मला नेलं. दोंडाईच्यात उतरलो तर सगळीकडे मिरचीचा खाट, माझं नाक वाहायला लागलं. तिथून पुढे बैलगाडीनं खेड्यात गेलो.

सोनीमाय ओट्यावर बसली होती. सत्तरीची तरी असेल. आबांनी तिला कोण, कुठले, कशाला आलो ते सगळं खरं सांगितलं.  मग म्हणाली, "हात धरेल व्हता, एवढं मी सांगं. कसा धरा ते माले कोनीच इचारं नही."

आबांनी बाही वर सरकवली आणि हात पुढे केला. नुकतंच प्लास्टर निघालेला, वाळलेला हात.

"पहिले असा धरा," ती म्हणाली आणि त्यांचं मनगट आवळलं. म्हातारीच्या बोटांत जोर होता. आबांनी दात घट्ट मिटले. "भांडन चालू व्हतं ना." मग तिनं सोडलं. "मंग धाकलाना पाय सरकना. मंग असा." आणि दोन्ही हातांनी तिनं आबांचा दंड, बाही, कोपर, जे मिळेल ते धरलं, स्वतः पुढे ओढली गेली आणि ओट्यावरून पडता पडता राहिली. मी तिला सावरलं. ती रडत होती.

म्हणजे दोन्ही खरं होतं. आधी ग्रिप होती आणि मग क्लच होता. कोर्टात तिला कोणी विचारलं नाही, कारकुनानं एका वाक्यात लिहून टाकलं, आणि आबांनी त्या दोनांतला एक उचलला होता. नेमका तो, ज्यानं इंदूबाईचा नवरा आत राहणार होता.  परतताना बसमध्ये मला रडू येत होतं, पण मी मिरचीचं निमित्त सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आबा वकिलांकडे गेले. देवरे वकील नाव त्यांचं, तरुण होते, धडपडे. चूक झाली म्हटल्यावर त्यांना आनंदच झाला. "मग 'क्लच्ड' करा ना आबा! भाऊ भावाला वाचवत होता. अपील उभं राहतं त्यावर." इंदूबाईही तिथेच होती. तिला एवढंच कळलं की आबांनी एक शब्द बदलला तर नवरा सुटेल.

आबा म्हणाले, नाही.

साक्षीत फक्त 'धरलेला' आहे. इंग्रजीत त्याला साधं 'हेल्ड' होईल, ना इकडचं ना तिकडचं. म्हातारी काय म्हणाली ते तिच्याच तोंडून पुन्हा कोर्टासमोर यायला पाहिजे, तुम्ही तिला बोलावण्याचा अर्ज करा. वकील म्हणाले, अपिलात आता कोण बोलावतं, आणि सोनीमायनंही निरोप धाडला होता, 'माले आते कोर्ट नको.' धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

इंदूबाई आमच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायला लागली. भांडायची नाही. सकाळच्या गाडीनं यायची, बसायची, दुपारी भाकर सोडून खायची, चारच्या गाडीनं जायची. आबा तिला पाणी द्यायचे आणि आत येऊन काही न करता बसायचे. चौथ्या दिवशी माझाच बांध फुटला. मी म्हटलं, "आबा, तुमचं हे काय सोवळं? त्या दिवशी पुरावा नसताना त्याच्याविरुद्ध लिहिलंत. आज डोळ्यांनी बघून आलात तर त्याच्या बाजूनं लिहायला काय हरकत आहे? त्या बाईकडे बघा जरा."

"तेच करायचं नाहीये," आबा म्हणाले. "तेव्हा कलम बघून शब्द टाकला. आता तिचं तोंड बघून टाकू? मग माझ्यात आणि त्या 'टच'वाल्या वकिलात फरक काय राहिला?"

"फरक असा की हे खरं आहे!"

"अर्धं खरं आहे, ताई. त्यानं आधी आवळला होता. ते मी कुठे टाकू?"

मी जास्तच ओरडले. आज विचाराल तरी मी त्या बाईच्या बाजूची आहे. पण त्या दिवशी आबांचे डोळे लाल होते, आणि हा माणूस हट्टानं नाही तर जीव तोडून नाही म्हणतोय, हे मला दिसत होतं. ते दिसल्यानं माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला.

त्यांनी दुरुस्तीचं पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं. साक्षीदाराचा शब्द साधा आहे, त्यात मी घातलेला जोर माझा आहे, तिचा नाही, तरी तिथे 'हेल्ड' वाचावं. आणि खाली, कोणी विचारलं नसताना, आपण साक्षीदाराला भेटून आलो हेही लिहिलं. मी ती ओळ टाइप करायला नकार दिला तर पेनानं लिहिली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! ज्या चार लोकांना निमित्त हवं होतं त्यांना ते मिळालं. सपकाळ्या साक्षीदार फिरवतो, अशी हाकाटी झाली. दिवाळीपर्यंत वकिलांचे कागद यायचे बंद झाले. दुसरा टाइपरायटर झाकून ठेवला. आबा शाळेतल्या पोरांचे दाखले इंग्रजीत करून द्यायचे. त्यात कोणी कोणाला धरलेलं नसायचं. मला ते म्हणाले, ताई, दुसरीकडे बघ. मी बघितलं नाही. माझ्या यजमानांची जळगावला बदली ठरली होती, तेवढे महिने काढायचे म्हणून मी राहिले. असं सांगायचे. खरं तर त्यांना एकट्याला त्या खोलीत बसलेलं मला बघवत नव्हतं.

अपिलाचा निकाल दीड वर्षानं आला. फेटाळलं. देवरे वकिलांनी प्रत पाठवली. आबांनी ती हातात घेतली आणि मला म्हणाले, तू शोध. मी एकेक पान बघितलं. सोनीमायचं नाव एकाच ठिकाणी होतं. म्हातारी लांब होती, तिची नजर अधू, तेव्हा तिची साक्ष बाजूला ठेवावी लागते, पण बाकीचा पुरावा पुरेसा आहे. ग्रिप नाही, क्लच नाही, हेल्ड नाही. त्या शब्दाकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

आबांनी प्रत उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "इंदूबाईला सांगायला पाहिजे. ती म्हणत असेल, आबाच्या शब्दानं झालं."

इंदूबाई नवऱ्याला भेटायला तुरुंगात जायची ती धुळ्याहून गाडी बदलून. तो दिवस आम्हाला माहीत होता. आम्ही स्टँडवर गेलो. दुपारची वेळ, ती शेडखाली पिशवी घेऊन बसली होती. पहिल्यांदा बघितली होती त्यापेक्षा निम्मी झाली होती. आबा तिच्यापुढे उभे राहिले. बसलेही नाहीत. निकाल काय आला हे तिला कळलेलं होतं. आबांनी तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी उलट वाचन करायचे तसं, एकेक वाक्य तिच्या बोलीत. सोनीमायची साक्ष न्यायाधीशांनी धरलीच नाही. तो शब्द त्यांनी बघितलाच नाही. मी काय लिहिलं आणि काय नाही, याचा निकालाशी काही संबंध नाही.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वर बघितलं.

"मंग लिखी टाकतात ना, आबा," ती म्हणाली. "कोनाले काय फरक पडता? दीड वरीस माले तेवढी आस राहती."

त्यात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही.    गाडी लागली, तिनं पिशवी उचलली, पदर सारखा केला आणि चढली. खिडकीशी जागा मिळाली तरी आमच्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "आबा, चला. ऊन आहे."

"तू हो पुढे, ताई. लेकरांची शाळा सुटेल," म्हणाले, आणि ती उठली होती त्या बाकावर बसले. मी गेले. पुढच्याच आठवड्यात आम्ही जळगावला सामान हलवलं, आणि निरोप घ्यायला गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं. त्यामुळे मला आठवतात ते स्टँडवरचेच. फाटकापाशी मी वळून बघितलं होतं. गाडी केव्हाच गेली होती, आणि आबा रिकाम्या फलाटाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होते. बहुधा तिचं वाक्य इंग्रजीत लावून बघत असावेत.